कागदावरची वाट

साहेब, "कुणालाच कल्पना नव्हती" असं तुम्ही लिहून दिलंत. खाली सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. तुम्ही खोटं लिहिलंत. तुमचं नाव मी इथं घेत नाही, ज्याचं आहे त्याला कळेल. कल्पना मला होती. माझ्या नवऱ्याला होती, आमच्या अकराही माणसांना होती. आणि तुम्हांला होती. कशी होती ते आज सांगते. मध्ये बोलायला तुम्ही इथं नाही, म्हणून सलग सांगता येईल.

लहू शेवाळेपासून सुरुवात झाली. सकाळच्या पाळीआधी ताट पुढं करून उभा होता. भाकरी वाढली तरी हलेना.

"वहिनी, काल बायकोचा फोन आलता. म्हणली, एवढ्या लांब गेलाय, काय काय बघितलं? मला एक गोष्ट सांगता आली न्हाय."

"सांगायचं, आठशे फूट खाली कसला दगड लागतो ते," भिसेमामा मागून म्हणाले.

"ते सांगितलं. तर म्हणली, दगड हितंबी हाय."

सगळे हसले. लहू हसला नाही. मेसच्या दारातून समोरचा डोंगर दिसायचा, तो त्यानं भाकरीनंच दाखवला. "एक दिवस तिथं जायचं. सगळ्यांनी. साहेबाकडं सुट्टी मागून बघू."

आम्ही इथिओपियात होतो. समुद्रापासून नऊ हजार फूट वर पठार, त्यावर पत्र्याच्या दहा खोल्या, तारेचं कुंपण आणि बोअर मारायची दोन यंत्रं. माणसं आपल्याकडची, सांगोला-आटपाडी भागातली. भिसेमामा मुकादम, माझा नवरा सोपान यंत्रावर, मी मेस चालवायला, आणि सगळ्यांवर साहेब तुम्ही. कॅम्पात बाई मी एकटी. चौदा महिने झाले होते. सुट्ट्या मिळायच्या, पण आज दोघांना, उद्या तिघांना, कुंपणाच्या आतच. आम्ही जमीन आतून बघितली होती, वरून नाही.

तो डोंगर म्हणजे जुना ज्वालामुखी. डोकं कापून ठेवल्यासारखा सपाट. थंडीच्या सकाळी त्याच्यावर वाफ दिसायची, चहाच्या कपावर दिसते तशी. वर मोठा खड्डा आहे, त्यात हिरवं तळं आहे आणि काठाला उकळतं पाणी निघतं, असं गेमेचू सांगायचा. गेमेचू आमचा ट्रकवाला, तिथलाच. मराठी त्याला लहूनं शिकवली होती, त्यामुळं त्याचे निम्मे शब्द चारचौघांत चालण्यासारखे नव्हते.

ठरवलं त्या दिवसापासून कॅम्प बदलला. जेवताना दुसरा विषय नाही. गेमेचूनं पिठाच्या रिकाम्या गोणीवर कोळशानं नकाशा काढला. पहाटे पाचला ट्रक निघायचा. सातला शेवटच्या गावात. तिथून पायी. गावाच्या पुढं जमिनीत एक लांबट खळगी होती, परातीसारखी, दोन पुरुष खोल. गेमेचूची रेघ त्या खळगीला मोठा वळसा घालून उजव्या धारेवरून गेली आणि डोंगराला लागली.

"हितनं सरळ का न्हाय?" सोपाननं खळगीवर बोट ठेवलं.

गेमेचूनं मान हलवली. "तिथं गाय चरत नाय. वासरू बसला, उठला नाय. म्हातारा लोक बोलते, ती जमीन झोपवते."

"जमीन झोपवती म्हणं," लहू म्हणाला. "मग मला पाठवा. दोन महिने झोप न्हाय."

मी भाकरी थापत होते. हात थांबला माझा.

माझा बाप विहिरी खोदायचा आणि जुन्या विहिरींतला गाळ काढायचा. बंद पडलेल्या आडात उतरायच्या आधी तो दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ती दोरी धरायचं काम माझं. नऊ वर्षांची असल्यापासून. कंदील तळाला जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर नाही. त्यात वाद नसायचा. माझ्या चुलत्यानं एकदा वाद घातला होता. पुन्हा त्यानं कशावरच वाद घातला नाही, कारण त्याला वर काढला तो दोरीनंच.

गेमेचू बोलला ती हवा मला ओळखीची होती. पण माझाही विचार थांबला तो एवढ्यावरच, की आडातली हवा उघड्यावर कशी येईल? म्हणून मी गप्प बसले. तसंही वाट वरूनच जाणार होती.

मग कागद तुमच्याकडं आला.

भिसेमामांनी सुवाच्य अक्षरात सगळं लिहून काढलं होतं. निघायची वेळ, माणसांची नावं, वाट, शिदोरी, औषधांची पेटी. तुम्ही चष्मा लावून वाचलंत. भिंतीवर विमानातून काढलेला मोठा फोटो होता, त्यावर पट्टी ठेवलीत.

"हा वळसा कशाला? येता-जाता दोन तास वाया. साडेसहाला गेट बंद होतं, माहीत आहे ना? हेड ऑफिस विचारेल मला." आणि लाल पेन्सिलीनं खळगीच्या बरोबर मधून रेघ मारलीत. "सरळ जा, सरळ या. असा पाठवतो, मंजूर होऊन येईल."

"गेमेचू म्हनतो, त्या खळग्यात..." भिसेमामा म्हणायला लागले.

"गेमेचू काय म्हणतो ते मला सांगू नका हो. तो म्हणतो बुधवारी खिळा ठोकायचा नाही."

कागद गेला. नऊ दिवसांनी मंजूर होऊन आला. त्या दिवशी लहू यंत्राच्या शिडीवर चढून नाचला. मी मात्र गुरुवारची वाट बघत होते.

गुरुवारी त्या शेवटच्या गावात भाजीचा बाजार असायचा. मी गेमेचूबरोबर जायची. स्टोअरमधून कंदील घेतला, बोअरची पातळ दोरी घेतली. सोपाननं विचारलं, "भाजी आणाया कंदील?"

"अंधार पडला तर."

"सकाळी सातला?"

मी भाजीची पिशवी उचलली. चौदा वर्षं संसार केलाय, पुढचं त्याला कळलं.

खळगीच्या काठावर मी उभी राहिले तेव्हा वारा अजिबात नव्हता. खाली गवत चांगलं हिरवं, गुडघाभर. एवढ्या गवतात एक शेळी नाही, शेण नाही. तळाला तीन पाखरं पडलेली. चिमणीपेक्षा थोडी मोठी. पिसं जशीच्या तशी, कुणी खाल्लेली नाहीत. मी कंदील पेटवला, वात मोठी केली आणि सोडला. निम्म्यात गेला तोवर ठीक होता. गवताच्या शेंड्यांना टेकला आणि ज्योत लाल झाली, आखूड झाली, गेली. वर ओढला. पुन्हा पेटवला. पुन्हा सोडला. तिथंच गेली. बापाचा नियम तीन वेळांचा होता. तिसऱ्यांदा मला बघायचं नव्हतं, तरी सोडला.

गेमेचू माझ्या शेजारी उभा होता. दिव्याकडं बघत म्हणाला, "वहिनी, झोपला."

त्याच दिवशी मी तुमच्या ऑफिसात आले. आठवतं? तुम्ही नखं कापत होता.

"साहेब, त्या खळग्यात हवा खराब आहे. माणूस उभा राहिला तर वाचेल. बसला तर उठणार नाही."

तुम्ही हसलात. वाईट नाही हसलात, समजूत घालायची असते तसं. "बाई, तो काय तुमच्या गावचा आड आहे का? उघड्यावर हवा कोंडत नसते. शाळेत शिकवतात हे."

"मी शाळेत गेले नाही, साहेब. म्हणून कंदील नेला होता."

"वाऱ्यानं विझला असेल."

"वारा नव्हता. तीनदा विझला. तुम्ही चला, तुमच्यासमोर सोडते."

"मला एवढंच काम आहे का? मंजूर झालेला कागद आहे तो. तुम्ही स्वयंपाकाचं बघा."

"बरं," मी म्हणाले. "स्वयंपाकाचंच बघते. उद्या चूल पेटणार नाही. तुम्ही खळग्यावर येऊन जाईपर्यंत पेटणार नाही. परवाही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला अकरा माणसं ताटं घेऊन आली. मी दारात बसले होते, चुलीत राख. भिसेमामांनी आत डोकावून बघितलं आणि बाजूला बसले. ते वयानं मोठे, त्यांनी विहिरी बघितल्या होत्या. लहू कुरकुरला.

"वहिनी, भांडण तुमचं साहेबाशी, पोट आमचं का?"

"कारण बसणार तू आहेस त्या गवतात. सावली बघून सगळ्यात आधी तूच पसरणार."

"ते खरंय त्याचं," कुणीतरी म्हणालं.

सोपान जवळ आला, हळूच म्हणाला, "मलाबी उपाशी ठेवणार?"

"हो. तुलाबी."

तो गेला आणि पाणी पिऊन त्या लोकांत बसला. त्या क्षणी तो मला लग्नातल्यापेक्षा जास्त आवडला. सातला यंत्रं सुरू झाली नाहीत. तुम्ही खोलीतून बाहेर आलात, अकरा माणसं बसलेली बघितलीत आणि जीपची किल्ली घेतलीत. रागानं का असेना, आलात. ते मी कधी नाकारलं नाही.

खळगीवर तुम्ही मला कंदील सोडू दिला नाहीत. "द्या इकडं, मीच बघतो," म्हणालात. भिसेमामा आणि मी काठावर. तुम्ही उतारानं तळाशी गेलात, कंदील छातीशी धरून मागं वळलात. "हे बघा. जळतोय की."

"खाली धरा, साहेब. गुडघ्याशी."

तुम्ही वाकलात. ज्योत गेली.

तुम्ही वर येऊन काडी ओढलीत. पुन्हा उतरलात, पुन्हा वाकलात. गेली. तिसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं, साहेब. तिसऱ्यांदा तुम्ही स्वतः केलंत. वर आलात तेव्हा एक हात कपाळाला होता. भिसेमामांनी दंड धरला.

"गरगरतंय जरा," तुम्ही म्हणालात. "सकाळपासून खाल्लं नाही ना." आणि माझ्याकडं बघितलंत. त्या नजरेत माझ्यावरचा राग नव्हता. माणूस घाबरला की कसा दिसतो ते मी लहानपणापासून बघितलंय, दोरीच्या टोकाला.

परत येताना तुम्ही जीप हळू चालवत होतात. मग म्हणालात, "बरं. तुम्ही वरच्या धारेनं जा."

"कागद बदलून पाठवा मग," भिसेमामा म्हणाले.

"कागद बदलला की परवानगी पहिल्यापासून. यंदा विसरा मग. शिवाय आधीची वाट कुणी आखली, म्हणून मला पत्र येईल. कागदावर तीच वाट राहू दे. तुम्ही जा वरून. बघायला कोण येतंय?"

आम्हांला हे पटलं. पटलं एवढंच नाही, आनंद झाला. मला वाटलं मी जिंकले. कॅम्पात येऊन मी चूल पेटवली, दुप्पट पिठलं केलं. लहू म्हणाला, "साहेब माणूस आहे बरं का." मी मान हलवली. इथं मी चुकले. वाट बदलली, माणसं वाचली, मग कागदाचं काय एवढं, असं माझ्या मनात आलं. विहीर खोदणाऱ्याच्या पोरीला कागद म्हणजे काय ते कळलं नव्हतं. दोरी धरणारा माणूस गेला तरी कागद तिथंच राहतो.

रविवारी गेलो. ज्वारीच्या साठ भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, तिथल्या लाल मिरचीचा ठेचा. धारेवरून चढताना खाली ती हिरवी खळगी दिसत होती. सगळ्यांनी बघितली, कुणी चेष्टा केली नाही. वर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. तळं खरंच हिरवं होतं. भिसेमामा पँट दुमडून कोमट झऱ्यात पाय सोडून बसले आणि म्हणाले, मला हितंच ठेवा. लहूनं बायकोला दाखवायला एकेक दगड मोबाइलवर घेतला. सोपाननं माझा एक फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. तो दिवस चांगला होता. ते मी तुमच्यासाठी खोडणार नाही.

गेटवर पोचायला पावणेआठ झाले. वळसा, दुसरं काय. पहारेकऱ्यानं नियमाप्रमाणे वर कळवलं. सोमवारी तुम्ही सगळ्यांना ऑफिसात बोलावलंत. समोर रजिस्टर उघडं होतं. उशिराच्या कारणाची जागा रिकामी.

"हेड ऑफिसनं खुलासा मागितलाय," तुम्ही म्हणालात. "खरं लिहिलं तर मंजूर वाट सोडली असं होतं. मंजूर वाट सोडली म्हणजे अकराच्या अकरा माणसं परत. मीही. लिहा, वाट चुकली. विषय मिटतो."

"वाट चुकलो नाही," मी म्हणाले.

"बाई, माहीत आहे मला. तुम्हांलाही माहीत आहे. कागदाला कशाला सांगताय?"

भिसेमामांनी सही केली. लहूनं केली. सगळ्यांनी केली. पेन माझ्याकडं आलं. सोपान मागून म्हणाला, "कर. आलो न्हवं सगळे धडधाकट?" त्याचं खोटं नव्हतं. मी चूल बंद ठेवणारी बाई. दोन दिवस उपाशी ठेवायची तयारी होती माझी. पण त्या दोन शब्दांखाली मी सही केली. लिहायला-वाचायला सोपाननं शिकवलं होतं, अक्षर चांगलं आलं होतं. त्याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं.

चार महिन्यांनी आमची मुदत संपली, आम्ही गावी आलो. तुम्ही तिथंच राहिलात. नवी तुकडी आली. त्यांनाही तो डोंगर दिसत असणार, त्यांच्याही बायका फोनवर विचारत असणार. त्यांनी एक दिवस मागितला. आणि तुमच्या कपाटात एक कागद तयार होता. माणसांची नावं बदलायची, बाकी सगळं तेच. लाल रेघ तीच. आधीची तुकडी त्या वाटेनं जाऊन आली होती, फक्त वाट चुकून उशीर झाला होता. तसं रजिस्टरच सांगत होतं. खाली अकरा सह्या, आणि बारावी माझी.

गेमेचू तोवर काम सोडून गेला होता. त्यांना अडवणारं कुणी नव्हतं.

वर वारा होता म्हणून ते खळगीत जेवायला बसले. आटपाडीकडचा दत्तू वाघमोडे बसला तो बसूनच राहिला. त्याला उठवायला इसाक मुलाणी वाकला, तोही उठला नाही. बाकीचे काठाकडं पळाले म्हणून वाचले. भिसेमामांनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी गहू पाखडत होते. सूप खाली ठेवलं एवढं आठवतं.

दोघांच्या घरी जायचं म्हणून मी निघाले. इसाकचं घर कुलूपबंद होतं. आईबाप पोरीकडं मिरजेला गेलेले. मग मी दत्तूच्या घरी गेले. सारिका, त्याची बायको, दारात शेंगा फोडत बसली होती. तुमचं पत्र तिनं पिशवीतून काढून दाखवलं. इंग्रजीत होतं, शाळेतल्या मास्तरांनी खाली मराठीत लिहून दिलं होतं. ते मी वाचलं. "कुणालाच कल्पना नव्हती." मग शेंगांची पाटी माझ्या बाजूला ओढली आणि फोडता फोडता सगळं सांगितलं. कंदिलाचं सांगितलं. तुम्ही वाकलात ते सांगितलं. शेवटी रजिस्टरचं सांगितलं.

"सही माझी आहे," मी म्हणाले. "मी खरं लिहिलं असतं, तर तुझा नवरा त्या गवतात बसला नसता."

तिचे हात थांबले नाहीत. टरफलं बाजूला सारून तिनं पुढची शेंग घेतली. मला वाटलं शिवी देईल. द्यायला हवी होती.

"तुमी आलासा तरी," ती म्हणाली. "तो माणूस यील का?"

मी सांगितलं, विचारते.

म्हणून विचारतेय, साहेब. माझं मी तिच्या तोंडावर बोलून आले. तुम्ही तिला सांगायचं आहे, की तो कागद कपाटातून काढून दत्तूच्या तुकडीला देताना तुमच्या मनात काय होतं. मला पत्र नको, शिक्का नको. सारिका मंगळवारी बाजाराला जाते, बाकीचे सगळे दिवस घरी असते. कधी येताय?